समुद्राने न घडवलेली बिअर: ‘डबल आयपीए’चा वाद आणि एक बनावट वंशावळ

#थ्रेड

१/२४
डबल इंडिया पेल एल, म्हणजेच ‘डबल आयपीए’. क्राफ्ट बिअरच्या जगात याच्याइतका हिरिरीने भांडला गेलेला दुसरा प्रकार क्वचितच सापडेल. कॅलिफोर्नियाची ‘प्लायनी द एल्डर’ श्रेष्ठ की व्हरमाँटची ‘हेडी टॉपर’, हा वाद गेली वीस वर्षे चालू आहे. आवडीनिवडीच्या वादात इतिहासाने पडू नये, हे खरेच. परंतु या वादात इतिहासालाच साक्षीदार म्हणून उभे केले जाते, आणि साक्षीदाराच्या तोंडी घातलेली जबानी खोटी आहे. तिची उलटतपासणी केल्याशिवाय ‘सर्वोत्तम कोणती’ या प्रश्नाला अर्थच प्राप्त होत नाही.

२/२४
प्रचलित कथा अशी: अठराव्या शतकात इंग्लंडहून हिंदुस्थानात पाठवलेली बिअर वाटेतच नासत असे. तेव्हा लंडनच्या जॉर्ज हॉजसनने भरपूर हॉप्स व जास्त अल्कोहोल असलेली नवी बिअर शोधून काढली. ती समुद्रप्रवासात टिकली आणि ‘इंडिया पेल एल’ जन्मली. या कथेला पुढे शेपूट जोडले जाते. हॉप्स आणि अल्कोहोल हाच जर आयपीएचा आत्मा, तर दोन्ही वाढवलेली डबल आयपीए ही मूळ परंपरेची अधिक अस्सल वारस. आणि जी डबल अधिक कडू, अधिक जहाल, ती अधिक श्रेष्ठ. तर्क गोळीबंद दिसतो. त्याची पहिली पायरीच कुजकी आहे.

३/२४
घटनेनंतर कित्येक दशकांनी लिहिलेली बखर आणि घटनेच्या काळातला अस्सल कागद यांत विश्वास कोणावर ठेवायचा, हा धडा वि. का. राजवाड्यांच्या पिढीने मराठी वाचकाला गिरवायला लावला. तोच निकष येथे लावावा. हॉजसनला शोधाचे श्रेय देणारे लिखाण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे. विल्यम मॉलिन्यू यांचे बर्टन शहर व तेथील ब्रुअऱ्यांवरील पुस्तक १८६९ चे. हॉजसनची ब्रुअरी लंडनजवळच्या बो येथे सुरू झाली १७५२ मध्ये. मध्ये शतकाहून अधिक अंतर. म्हणजे बखरच ती, आणि तीही परगावी लिहिलेली.

४/२४
आता समकालीन कागद पाहू. कलकत्त्याच्या गॅझेटात १७८४ च्या सुमारास पेल एल विक्रीला आल्याच्या जाहिराती आहेत. त्यांत हॉजसनचे नाव नाही. ते नाव दिसू लागते १७९० च्या दशकात, आणि तेही हॅम, चीज अशा जहाजातून उतरलेल्या इतर जिनसांच्या पंगतीत. पेल एल म्हणजे फिकट माल्टची बिअर इंग्लंडात आधीपासून प्रचलित होती. उष्ण देशांत पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स वाढवावेत, हा सल्ला १७६० च्या दशकातील ब्रुइंगच्या पुस्तकांत छापून आलेला होता. कोणाच्या तरी डोक्यात एके रात्री प्रकाश पडला, असा प्रसंग या कागदांत कोठेही सापडत नाही.

५/२४
कथेतले दुसरे गृहीतक असे, की इतर बिअर प्रवासात टिकतच नसे. मग पोर्टरचे काय करायचे? ही काळसर, भाजक्या माल्टची बिअर त्याच जहाजांतून, त्याच आफ्रिकेला वळसा घालून, तितकेच महिने प्रवास करून हिंदुस्थानात उतरत होती. पेल एल प्रामुख्याने अधिकारी, व्यापारी आणि मुलकी साहेबांच्या मेजावर जाई. साध्या गोऱ्या शिपायाच्या वाट्याला पोर्टर येई. वाटेत नासणारे पेय लष्कराला वर्षानुवर्षे कोणी पुरवत नसते. साहेबाची बिअर आठवणीत राहिली, शिपायाची पुसली गेली, इतकाच या विस्मरणाचा अर्थ.

६/२४
हॉजसनचा जम बसला तो व्यवहारामुळे. त्याची ब्रुअरी ब्लॅकवॉलच्या धक्क्यापासून जवळ होती, आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे तेथेच नांगर टाकत. या जहाजांच्या कप्तानांना स्वतःच्या खात्यावर काही माल नेण्याची सवलत असे. हॉजसन त्यांना वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर बिअर देई. शिवाय हिंदुस्थानाकडे निघालेल्या जहाजांत विक्रीयोग्य विलायती माल कमी, जागा भरपूर. त्यामुळे भाडे स्वस्त. उधारी, जवळीक आणि रिकामे तळघर, या तीन गोष्टींनी त्याचा धंदा उभा केला. रसायनशास्त्राचा चमत्कार कथाकारांनी नंतर चिकटवला.

७/२४
त्याच व्यवहाराने हॉजसनच्या वारसांना बुडवलेही. १८२० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी कप्तानांना बाजूला सारून स्वतःच माल पाठवण्याचा घाट घातला, उधारी आवळली, भाव चढवले. तेव्हा कंपनीचे संचालक कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यांनी बर्टनच्या सॅम्युअल ऑल्सप यांना हिंदुस्थानची बाजारपेठ सुचवली. १८२२ च्या रशियन जकातीमुळे ऑल्सप यांचा रशियाचा व्यापार नुकताच गोत्यात आला होता. बर्टनच्या विहिरींचे पाणी जिप्समयुक्त. त्यात पेल एल अधिक स्वच्छ, अधिक कोरडी उतरे. १८३२-३३ मध्ये बंगालला गेलेल्या सुमारे १२,००० पिंपांपैकी ४० टक्क्यांहून अधिक बर्टनच्याच ‘बास’ची होती.

८/२४
आणि ‘इंडिया पेल एल’ हे नाव? ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हा शब्दप्रयोग १८२९ साली सिडनीच्या वृत्तपत्रातील जाहिरातीत सापडतो. नाव हिंदुस्थानचे, छापले ऑस्ट्रेलियात, माल विलायतेचा! हिंदुस्थानात कित्येक दशके पेल एल विकली गेली तेव्हा तिला हे नाव नव्हते. इतरत्र विकताना ते कामी आले. दूरच्या वसाहतीत खपणारा माल म्हणजे उत्तम माल, असा त्या नावाचा इशारा. ‘इंडिया’ हा शब्द आरंभापासूनच दुकानदाराच्या पाटीवरचा आहे. त्यावरून बिअरची जन्मकुंडली मांडणे म्हणजे ‘बॉम्बे डक’वरून बदकाची जात ठरवण्यासारखे आहे.

९/२४
जहालपणाचा दावाही तपासावा. एकोणिसाव्या शतकातील आयपीएत अल्कोहोल साधारण ६ ते ६.५ टक्के असे. त्या काळच्या मानाने हे मध्यम. बर्टनच्याच गोडसर, साठवणीच्या एल त्याहून किती तरी कडक होत्या. चार ते सहा महिन्यांच्या प्रवासात, विषुववृत्त दोनदा ओलांडताना, पिंपातली बिअर मुरत जाई. या दुसऱ्या आंबवणीत एका रानटी यीस्टचा मोठा वाटा असे. कार्ल्सबर्गच्या नील्स क्लॉसेन यांनी १९०४ मध्ये इंग्लिश बिअरमधील या यीस्टचे वर्णन केले आणि त्याला ‘ब्रेटॅनोमायसीस’, म्हणजे ब्रिटिश बुरशी, असे नाव दिले. कलकत्त्यात उतरलेली बिअर कोरडी, मुरलेली, ताज्या हॉप्सचा दरवळ ओसरलेली होती. आजच्या डबल आयपीएशी तिचे नाते शोधायचे कोठे?

१०/२४
या रम्य सागरकथेत सर्व काही आहे: शिडे, वादळे, पिंपे, तहानलेले साहेब. हिंदुस्थानी माणूस तेवढा नाही. वास्तविक साहेबाच्या घरी पेये थंड करण्यासाठी ‘आबदार’ नावाचा स्वतंत्र नोकर असे. पाण्यात सोरा विरघळवला की पाणी गार होते, आणि त्या पाण्यात तो बाटल्या फिरवत बसे. १८३३ मध्ये बॉस्टनहून ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन निघाले. त्यातला सुमारे १०० टन कलकत्त्याला पोहोचला आणि आबदाराच्या हुन्नराची किंमत उतरू लागली. अमेरिकी बर्फ, विलायती बिअर, बिहारचा सोरा, हिंदुस्थानी हात. बिअरच्या बाटलीवर यांतले काय छापले जाते?

११/२४
मुंबई इलाख्याचा हिशोब तर याहून कडू आहे. विलायती बाटली क्लबांत आणि छावण्यांत मानाने उघडली जात असताना १८७८ च्या अबकारी कायद्याने गावोगावची दारू सरकारी मक्त्याच्या साखळीत बांधली. ताडी-माडीवर कर चढला; कुलाबा-ठाण्याकडील भंडारी समाजाच्या धंद्यावर गदा आली. १८९२ च्या कायद्याने तर मोहाची फुले बाळगण्या-विकण्यावरही निर्बंध आले. जंगलात आपोआप गळणारे फूल वेचणारा आदिवासी गुन्हेगार ठरला. ‘हिंदुस्थानी बिअर’चा गौरव गाताना त्याच काळातल्या हिंदुस्थानी पेयांचे काय झाले, हे ज्याला आठवत नाही, त्याने परंपरेचा उच्चार जपून करावा.

१२/२४
मग डबल आयपीएचा खरा जन्म कोठला? कॅलिफोर्नियातील टेमेक्युला, साल १९९४. ‘ब्लाइंड पिग’ ही छोटी ब्रुअरी, तरुण ब्रुअर व्हिनी सिलुर्झो, आणि जुनीपुराणी, ओबडधोबड यंत्रसामग्री. पहिल्याच घाण्यात यंत्रांमुळे काही बरा-वाईट स्वाद उतरला तर तो झाकला जावा, म्हणून त्याने आपल्या आयपीएच्या कृतीतले हॉप्स दुप्पट केले आणि माल्ट सुमारे ३० टक्के वाढवले. हे कारण सिलुर्झोने स्वतःच वेळोवेळी सांगितले आहे. ना जहाज, ना वादळ, ना कलकत्ता. आपल्या भांड्यांवर भरवसा नसलेल्या कारागिराची ही तोड होती. हे मूळ कमी प्रतीचे मुळीच नाही. आणि ते खरे आहे.

१३/२४
या क्षणामागेही इतिहास आहे, फक्त तो अमेरिकी आहे. १९२० ते १९३३ च्या दारूबंदीने तेथील बहुसंख्य ब्रुअऱ्या संपवल्या. उरलेल्या एकमेकींत विलीन होत गेल्या आणि देशभर एकाच चवीची फिकी लागर वाहू लागली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरी बिअर बनवणे संघराज्याच्या पातळीवर कायदेशीर झाले, आणि घरगुती प्रयोगांतून व्यावसायिक ब्रुअरांची एक पिढी घडली. एका चवीला कंटाळलेल्या या पिढीला कडवटपणा हे बंडाचे निशाण वाटले. डबल आयपीएचा जहालपणा तेथून आला.

१४/२४
दुसरा धागा शेतात सापडतो. ओरेगॉनमधील सरकारी संशोधन केंद्रात १९५६ पासून वाढवलेला ‘कॅस्केड’ हा हॉपचा वाण १९७२ मध्ये प्रसारित झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘अँकर’ने १९७५ च्या ‘लिबर्टी एल’मध्ये तो वापरला आणि द्राक्षफळाच्या सालीचा, चीडच्या राळेचा वास अमेरिकी बिअरची ओळख बनला. पुढे ‘चिनूक’, ‘सेंटेनिअल’, आणि २००० साली ‘सिम्को’. अमेरिकी हॉप्सचा वास जुन्या इंग्लिश ब्रुअरांना गावंढळ वाटे; कडवटपणासाठी ते वापरत, सुगंधासाठी टाळत. बर्टनने जे नाकारले, त्याच्याच पायावर डबल आयपीए उभी आहे. हिला बर्टनची वारस म्हणणे म्हणजे वारसाहक्काचीच थट्टा.

१५/२४
२००० साली कॅलिफोर्नियातील हेवर्ड येथील ‘बिस्ट्रो’ या पबने डबल आयपीएचा खास महोत्सव भरवला. तोवर ‘रशियन रिव्हर’मध्ये गेलेल्या सिलुर्झोने त्यासाठी ८ टक्क्यांची ‘प्लायनी द एल्डर’ बनवली. नाव रोमन पंडित थोरल्या प्लिनीचे, जो इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हिअसच्या उद्रेकात मरण पावला. हॉपच्या वेलाचे नाव पहिल्यांदा त्याने नोंदवले, अशी समजूत. प्रत्यक्षात प्लिनीच्या ग्रंथातील ‘लुपुस सालिक्तारिउस’ ही रानभाजी हॉपच होती की नाही, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. म्हणजे या प्रकाराच्या शिरोमणीचे नावही एका संशयास्पद नोंदीवर उभे. बिअरच्या दुनियेला बखरींचा सोस फार!

१६/२४
याच प्रकाराला ‘इम्पीरिअल आयपीए’ असेही म्हणतात. नावात ‘इम्पीरिअल’ आणि ‘इंडिया’ शेजारी आले की वाचणाऱ्याच्या मनात ब्रिटिश साम्राज्याचे चित्र उभे राहते. तेही चुकीचे. हे विशेषण आले रशियाच्या झारशाहीकडून: लंडनहून रशियाला जाणाऱ्या कडक स्टाउटला ‘इम्पीरिअल’ म्हणत, आणि अमेरिकी ब्रुअरांनी ते कोणत्याही जहाल बिअरला लावले. बिअर परीक्षकांच्या बीजेसीपी या अमेरिकी संस्थेने २०१५ च्या नियमावलीत ‘इम्पीरिअल’ सोडून ‘डबल’ स्वीकारले आणि अल्कोहोलची मर्यादा ७.५ ते १० टक्के ठेवली. नावातला झार गेला. ‘इंडिया’ मात्र अजून तेथेच अडकून आहे.

१७/२४
आता सर्वांत निर्णायक मुद्दा. सागरकथेतल्या बिअरचा गुण कोणता सांगतात? टिकाऊपणा. डबल आयपीएचा स्वभाव कोणता? नेमका उलट. तिचे सारे वैभव हॉप्समधील उडनशील तेलांत आहे; प्राणवायू आणि उष्णता लागली की ती झपाट्याने विटतात. काही आठवड्यांत सुगंध फिका पडतो, काही महिन्यांत गोडसर, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव उरते. ‘प्लायनी’ची बाटली स्वतःच गिऱ्हाइकाला बजावते की साठवू नका, ताजी प्या. सहा महिने जहाजात मुरून सुधारणारे पेय आणि सहा महिन्यांत मरणारे पेय यांना एका वंशवृक्षावर बाप-लेक म्हणून बसवणे हे इतिहासाला शोभत नाही.

१८/२४
प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट पुरावाही मांडणे न्याय्य ठरेल. एकोणिसाव्या शतकातील निर्यातीच्या आयपीएत हॉप्स खरोखरच विपुल असत, आणि पिंपात कोरडे हॉप्स टाकण्याची रीत, जी आज ‘ड्राय हॉपिंग’ म्हणून मिरवते, तेव्हाही होती. अमेरिकेत नेवार्कच्या ‘बॅलंटाइन’ने विसाव्या शतकातही लाकडी पिंपांत दीर्घकाळ मुरवलेली आयपीए विकली. हे सर्व मान्य. परंतु जुन्या ब्रुअराला हॉप्स मुख्यत्वे राखणदार म्हणून हवे होते. सिलुर्झोच्या पिढीला ते नायक म्हणून हवे होते. कोयता तोच असला तरी ऊसतोड आणि नारळ सोलणे हे दोन वेगळे धंदे आहेत.

१९/२४
वंशावळ बाजूला सारली की ‘सर्वोत्तम कोणती’ हा प्रश्न स्वच्छ होतो. डबल आयपीएला तिच्या स्वतःच्या इतिहासाने तपासावे, आणि त्यातून तीन कसोट्या निघतात. एक: हॉप्स नायक आहेत काय, की माल्टचा गोडवा त्यांना झाकतो? दोन: ८ टक्क्यांच्या पुढे जाऊनही घोट हलका राहतो काय? तीन: ती ताजी पोहोचते काय, म्हणजे बनवणाऱ्याने तिच्या नश्वरतेची काळजी घेतली आहे काय? अल्कोहोलचा आकडा, कडवटपणाचा आकडा आणि बाटलीवरील शिडाचे जहाज यांना या कसोट्यांत जागा नाही.

२०/२४
या मापाने काही नामवंत मागे पडतात. डेलावेअरच्या ‘डॉगफिश हेड’ची ‘९० मिनिट’ (२००१, ९ टक्के) ऐतिहासिक खरीच. उकळत्या रसात ९० मिनिटे सतत हॉप्स पडत राहावेत, ही तिची कल्पना. आणि सॅम कॅलाजिओनी यांनी त्या कल्पनेचा पहिला प्रयोग थरथरणाऱ्या खेळण्यातल्या फुटबॉलच्या पटावर केला. पण तिचा माल्टगोड भरदारपणा तिला बार्लीवाइनच्या जवळ नेतो. पहिल्या कसोटीवर ती अडखळते. कॅलिफोर्नियाच्या ‘स्टोन’ची ‘रुइनेशन’ (२००२) पहिली कसोटी दिमाखात ओलांडते. परंतु जिभेवर हल्ला करणे हेच तिने ध्येय केले, आणि दुसरीत गुण गमावले.

२१/२४
‘हेडी टॉपर’चा दावा मात्र भक्कम आहे. वॉटरबरीच्या ‘अल्केमिस्ट’ पबात जॉन किमिक यांनी ती २००४ मध्ये प्रथम बनवली. त्यांना यीस्ट मिळाले ते बर्लिंग्टनचे ब्रुअर ग्रेग नूनन यांच्याकडून. ते फळांचा दरवळ वाढवते. बिअर न गाळता, गढूळ ठेवली जाते. २८ ऑगस्ट २०११ च्या ‘आयरीन’ वादळाच्या पुरात पब उद्ध्वस्त झाला. काही दिवसांतच नव्या जागेत कॅन भरणे सुरू झाले आणि ‘हेडी’ दूरवर गाजली. कडवटपणा सौम्य करून सुगंध पुढे आणणे, ही तिची देणगी. तिन्ही कसोट्यांवर ती उतरते.

२२/२४
तरीही पहिला मान ‘प्लायनी’चा, आणि कारण वयाचे नाही. डबल आयपीएपुढचा मूळ पेच असा: अल्कोहोल वाढवायला माल्ट वाढवावे लागते, माल्टने गोडवा वाढतो, गोडव्याने हॉप्स दबतात. सिलुर्झोने रंगीत, गोडसर माल्ट जवळजवळ काढून टाकले आणि थोडी साधी साखर घातली. यीस्ट ती पूर्ण खाऊन टाकते, अंग कोरडे राहते, हॉप्स मोकळे बोलतात. १९९४ मध्ये जे दोष झाकण्याचे साधन होते, ते २००० मध्ये काहीही न झाकणारी रचना झाले. ‘हेडी’ने या पायावर नवी दिशा काढली, पाया ‘प्लायनी’ने घातला. तिच्याशिवाय या प्रकाराचा इतिहास लिहिता येत नाही, एवढी कसोटी दुसरी कोणी पार करत नाही.

२३/२४
दुर्मिळता हा मात्र श्रेष्ठत्वाचा पुरावा नव्हे. अमेरिकेतील घरगुती ब्रुअरांच्या ‘झायमर्जी’ मासिकाच्या वाचकांनी २००९ पासून २०१६ पर्यंत सलग आठ वर्षे ‘प्लायनी’ला पहिले स्थान दिले. २०१७ मध्ये ते मिशिगनच्या ‘टू हार्टेड’ला मिळाले, जी ७ टक्क्यांची, साधी, सहज मिळणारी आयपीए आहे. रांगेत तासन् तास उभे राहून मिळवलेली गोष्ट गोड लागतेच. ती गोडी रांगेची असते. आणि ‘हेडी’च्या नावावर खपणाऱ्या अनेक गढूळ, फळांच्या रसासारख्या नव्या डबलांनी कडवटपणाच सोडून दिला. त्यांना नवे नाव द्यावे. जुन्या नावाची सावली त्यांना पुरत नाही.

२४/२४
शेवटी घरचा मुद्दा. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. तिचे नाव देवळालीच्या छावणीवरून आले. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहून वेडावणाऱ्या गोऱ्या शिपायांनी तो शब्द इंग्रजीत रूढ केला. आज महाराष्ट्रात ताजी बिअर जागीच बनते. असे असताना महिनोन् महिने कंटेनरमध्ये उकडून आलेली परदेशी डबल आयपीए ‘अस्सल सागरी परंपरा’ म्हणून चढ्या भावाने घेणे म्हणजे दंतकथेसाठी पैसे मोजून बिअरचे प्रेत विकत घेणे. ‘प्लायनी’ सांता रोझात श्रेष्ठ, ‘हेडी’ व्हरमाँटात. पुण्या-मुंबईत श्रेष्ठ डबल आयपीए तीच, जी याच शहरात गेल्या पंधरवड्यात बनली आणि जिने समुद्र पाहिलेला नाही.